यंत्र टिकते, संगणक बदलतो

कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमधील के-१३० सायक्लोट्रॉनमध्ये १९७७ साली पहिला कणझोत मिळाला. अशा यंत्राचे आयुष्य अनेक दशकांचे. त्याच्या नियंत्रणासाठी जोडलेल्या संगणकाचे त्याहून कितीतरी कमी. मग संगणक किंवा एखादे कार्ड बदलले, की सगळी जोडणी नव्याने करायची काय?

चुंबकातील विद्युतप्रवाह, निर्वात कक्षातील दाब या राशी अखंडपणे बदलतात. संगणकाला केवळ अंक कळतात. १२ बिटांचा परिवर्तक ० ते १० व्होल्टची पट्टी ४,०९६ पायऱ्यांत विभागतो. २,०४८ हा अंक आला म्हणजे ५ व्होल्ट. पण ते ५ व्होल्ट किती अँपिअर दर्शवतात, हे कार्ड सांगत नाही.

१९६९ साली युरोपीय प्रयोगशाळांनी कॅमॅक हे मानक सिद्ध केले आणि निरनिराळ्या उत्पादकांची कार्डे एकाच पेटीत बसू लागली. हार्डवेअरचा प्रश्न सुटला, सॉफ्टवेअरचा उरला. १९९०च्या सुमारास लॉस अलामॉस आणि अरगॉन या अमेरिकी प्रयोगशाळांनी मिळून एपिक्स घडवले. त्यात प्रत्येक राशीची स्वतंत्र नोंद असते : नाव, एकक, मोजपट्टी, धोक्याची मर्यादा. कार्डाशी बोलणारा भाग निराळा ठेवलेला असतो. कार्ड बदलले, तर मुख्यतः तेवढाच भाग बदलावा लागतो. पडद्यावरचे नाव आणि अँपिअर तेच राहतात.

कोलकात्याच्या याच केंद्राने पुढे आपल्या अतिवाहक सायक्लोट्रॉनच्या नियंत्रणासाठी एपिक्स वापरले. दीर्घायुषी यंत्र उभारणाऱ्याने आधी ठरवावे ते हेच : काय बदलू द्यायचे आणि काय नाही.