अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय

शिर्डीपासून सुमारे ८० किलोमीटरवर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते फेब्रुवारी १९९४ मध्ये उभारले. रोल्स रॉइसची 'सिल्व्हर घोस्ट' चिलखती मोटार ही येथील सर्वांत जुनी. संस्थानिकांच्या दिमाखाची ही मोटार. पहिल्या महायुद्धात तिच्याच सांगाड्यावर पोलादी पत्रे व मशीनगनचा फिरता बुरूज चढला. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला अमेरिकी बनावटीचा पॅटन आणि आवडी येथे तयार झालेला 'विजयंता' हेही संग्रहात आहेत. इटलीतील मारानेलो येथे फेरारीच्या संग्रहालयात शर्यती जिंकलेल्या मोटारी मांडल्या आहेत. येथील पोलादात बसून मात्र जवान लढले. त्यांतील कित्येक परतले नाहीत.