पाठमोरा राम



शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी तीसेक वर्षं नाटकं बसवली. माझा एक नियम होता, प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही. एकदा राम झालेल्या सातवीतल्या मुलानं विचारलं, "सर, मग वनवासाला जायचं कसं?" मी खेकसलो, "तिरकं चालत विंगेत जा!" बिचारा खेकड्यासारखा वनवासाला गेला आणि सगळे हसले.

निवृत्तीनंतर 2009 साली आम्ही दोघं काशीला गेलो, तेव्हा गंगेपलीकडच्या रामनगरची रामलीला पाहिली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीनरेश उदित नारायण सिंह यांच्या काळात ती आकाराला आली असं मानतात. 2008 साली युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत रामलीलेची नोंद केली, पण रामनगरची तऱ्हाच निराळी. ही लीला चालते 31 दिवस आणि तिला एक रंगमंच नाही. अख्खं गावच अयोध्या, जनकपूर, लंका होतं. आपल्या नाशिककरांना गंमत वाटेल, तिथं पंचवटीसुद्धा आहे! प्रसंग बदलला की पडदा पडत नाही, माणसंच चालू लागतात.

राम, सीता आणि तिघे भाऊ होतात लहान मुलगे. महिनाभर ते एकत्र राहतात, आणि म्हातारी माणसं त्यांच्या पाया पडतात. ध्वनिवर्धक नाही, विजेचे दिवे नाहीत. रामायणी मानस गातात, मग व्यास पोथी हातात धरून उघडपणे संवाद सांगतात आणि मुलं ते खड्या, संथ आवाजात म्हणतात. चेहऱ्यावरचे भाव वगैरे फारसे नाहीत. मी मास्तरच्या नजरेनं मनातल्या मनात गुण कापत होतो.

मग राम वनवासाला निघाला. आमच्याकडे चक्क पाठ करून चालू लागला. गर्दी मागोमाग निघाली, कित्येक जण अनवाणी, काही डोळे पुसत. गुडघेदुखीची तक्रार करणारी आमची ही माझ्यापुढे केव्हा गेली ते कळलंच नाही. मी वाकून पाहिलं, तर पेट्रोमॅक्सच्या उजेडात मला दिसत होती ती फक्त एका पोराची इवलीशी पाठ. नटानं पुढे चालायचं, बाकीचं मागून येणाऱ्यांनी करायचं.

तो सातवीतला मुलगा आता पन्नाशीला आला असेल. भेटला तर सांगायचंय, बाळा, प्रश्न बरोबर होता तुझा. मास्तर चुकले होते.