गार वाऱ्यातलं ऊन

परवा नातीची सॅक भरणं चाललं होतं. पहिल्यांदाच हिमालयात ट्रेकला चालली आहे. कानटोपी, टॉर्च, लाडूंचा डबा... आणि त्यात एक क्रीमची ट्यूब. मी म्हटलं, "काय गं, डोंगरात कोणाला दाखवायचाय गोरा चेहरा?" ती म्हणाली, "आजी, हे गोरं व्हायचं नाहीये, उन्हाचं आहे. चंद्रखणीची गोष्ट तूच सांगतेस ना?" मी गप्प बसले.

ती गोष्ट सांगते, पण त्याआधी थोडं मागं जायला हवं. मी १९७५ साली शाळेत लागले. मुलींना किल्ल्यांवर न्यायची मला फार हौस. सहलीच्या आधी एखादी आई हमखास येऊन म्हणायची, "बाई, पोर उन्हानं काळी पडेल हो." मला संताप यायचा. मुलगे दिवसभर उन्हात हुंदडले तरी कोणी काही म्हणत नाही, आणि मुलीच्या रंगाची मात्र एवढी काळजी! त्या तिरीमिरीत मी मुलींना डोक्याला रुमालसुद्धा बांधू द्यायची नाही. "सावळ्या कातडीला काही होत नसतं, आणि थंडीतलं ऊन तर औषध!" असं ठासून सांगायची.

१९९४च्या मे महिन्यात आम्ही काही शिक्षिका कुलूच्या बाजूला चंद्रखणी खिंडीच्या ट्रेकला गेलो. साधारण ३६०० मीटर उंची, वर बर्फ, अंगात झोंबणारा वारा आणि आभाळात पातळ ढग. ऊन लागतंय असं वाटलंच नाही. गॉगल सॅकच्या तळाशी. संध्याकाळी चेहरा हुळहुळायला लागला आणि रात्री डोळ्यांत कोणीतरी मूठभर वाळू टाकल्यासारखं झालं. पुढचा सबंध दिवस डोळ्यांवर ओली पट्टी बांधून तंबूत पडून होते. नाकाची सालं तर आठवडाभर निघत होती. मी सगळ्यांना सांगितलं, "बर्फ बाधला." पुष्कळ वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

निवृत्तीनंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की ही चूक काही माझी एकटीची नव्हे. माणसाला हे कोडं सुटायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

८ ऑगस्ट १७८६ रोजी मिशेल पाकार नावाचा डॉक्टर आणि जाक बाल्मा हे दोघं आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर पहिल्यांदा पोचले. चहूकडे बर्फ, कडाक्याची थंडी. तरी उतरले तेव्हा चेहरे भाजलेले, आणि पाकारला तर डोळ्यांनी दिसेना. पुढच्याच वर्षी सोस्यूर हा शास्त्रज्ञ तिथे चढला, तेव्हा त्याच्या मंडळींनी चेहऱ्यावर काळं झिरझिरीत कापड घेतलं होतं. म्हणजे उपाय सापडला होता, कारण नव्हतं सापडलं. इतक्या थंडीत माणूस भाजतो कसा?

उत्तराची सुरुवात आपल्या शाळेतल्या 'तानापिहिनिपाजा'मध्ये आहे. १८०० साली विल्यम हर्शेलनं लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यावर थर्मामीटर ठेवून पाहिले. तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. पुढच्याच वर्षी योहान रिटर या जर्मन तरुणानं दुसरं टोक तपासलं. जांभळ्याच्या पलीकडच्या अंधारात त्यानं सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद ठेवला, तर तो सगळ्यात लवकर काळा पडला. म्हणजे ऊब देणारे अदृश्य किरण एका टोकाला, आणि ही दुसरी करामत करणारे थेट दुसऱ्या टोकाला. ऊन एकच दिसतं, पण त्यात दोन निराळ्या गोष्टी असतात.

१८२० साली एव्हरार्ड होम या इंग्रज सर्जननं स्वतःच्या हातांवर प्रयोग केला. एक हात उन्हात उघडा, दुसऱ्यावर काळं कापड. कापडाखालचा हात जास्त तापला, पण फोड आले ते उघड्या हातावर! तरीही भाजतं ते उष्णतेनंच, ही समजूत सुटेना. अखेर १८८९ साली स्वीडनच्या विडमार्कनं प्रयोगांनी दाखवून दिलं की कातडी भाजते ती जांभळ्यापलीकडच्या, म्हणजे अतिनील किरणांनी. हे किरण कातडीला गरम लागत नाहीत, म्हणून वारा गार असला की पत्ताच लागत नाही.

इकडे आपल्याकडे साहेबाची निराळीच तऱ्हा होती. उन्हाळा टाळायला तो महाबळेश्वर, माथेरानला जायचा आणि डोक्यावर सोला हॅट घालायचा. (हा 'सोला' सूर्यावरून आलेला 'सोलर' नव्हे बरं का, शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्यापासून ती टोपी बनते.) टोपी नसली तर इथलं ऊन कवटीतून मेंदूत शिरतं अशी त्याची समजूत. ती खोटी ठरली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ती टोपी मागे पडली. गंमत अशी की दर हजार मीटर चढलं की अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे महाबळेश्वरला साहेब उकाड्यापासून लांब गेला, पण या किरणांच्या जवळच.

विडमार्कनंतरही डोंगरात चुका होतच राहिल्या. ४ जून १९२४ रोजी एडवर्ड नॉर्टन एव्हरेस्टवर प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय सुमारे ८५७० मीटरपर्यंत पोचला. खडकावरून चालताना त्यानं गॉगल काढून ठेवला होता. रात्री त्याचे डोळे गेले. ६ तारखेला सकाळी मॅलरी आणि आयर्विन वर निघाले तेव्हा नॉर्टन तंबूत आंधळा होऊन पडला होता. दोघांचा निरोप घेतला तो न बघताच. ते दोघं परत आले नाहीत. (नॉर्टनची दृष्टी काही दिवसांनी परत आली.) हे वाचताना मला माझा चंद्रखणीचा तंबू आठवला. दिवसा कळत नाही, रात्री कळतं. या दुखण्याची चालच तशी आहे.

आणि ती ट्यूब? तिचा जन्मही डोंगरातलाच म्हणतात. १९३८ साली फ्रान्झ ग्राइटर हा रसायनशास्त्राचा विद्यार्थी स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या पिझ बुइन शिखरावर चढताना भाजला आणि त्यातून पुढे १९४६च्या सुमारास त्याचं 'हिमनदीचं मलम' बाजारात आलं. ट्यूबवर 'एसपीएफ' असा आकडा असतो, तो रूढ करण्यातही त्याचं नाव घेतात. ३० आकड्याचं क्रीम भाजणाऱ्या किरणांपैकी ९७ टक्के अडवतं, ५०चं ९८. पण ते प्रयोगशाळेत, भरपूर थापलं तर. घामानं ते निघून जातं, दर दोन तासांनी परत लावावं लागतं.

म्हणून पहिलं काम कापडाचंच. पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, मानेवर रुमाल. आपल्या रानातल्या बाया डोक्यावरून पदर घेतात, धनगर मुंडासं बांधतो, ते काही उगीच नाही. दुसरी खूण सावलीची : आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की किरण जोरात असतात, तेव्हा झाडाखाली विसावा घ्यावा. बर्फावर काळा चष्मा हवाच, कारण ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. ते खालूनही येतात. पातळ ढगांवर भरवसा ठेवू नये.

सावळ्या कातडीचं म्हणाल, तर तिला थोडं संरक्षण असतं हे खरं. होमनंही तेच म्हटलं होतं. पण थोडंच. आणि डोळ्यांना सावळेपणाचा काही उपयोग नाही. वर्षानुवर्षांच्या उन्हानं मोतीबिंदूला हातभार लागतो, आणि उन्हानं कातडीचा कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९२ सालीच स्पष्ट म्हटलं आहे.

त्या आया रंगासाठी घाबरत होत्या, ते कारण चुकीचंच होतं. आजही मी तेच म्हणेन. पण चुकीचं कारण खोडताना मी रुमालही काढून घेतला, ही माझी चूक. माझ्या काही जुन्या विद्यार्थिनी हे वाचतात. मुलींनो, भर दुपारी तुम्हाला उघड्या डोक्यानं बालेकिल्ल्यावर बसवून मी इतिहास सांगितला, त्याबद्दल तुमच्या बाईंना माफ करा.

असो. नातीच्या सॅकमध्ये ट्यूब राहू दिली आहे. वर तिच्या आजोबांचा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा ठेवलाय. आणि गॉगल मात्र तळाशी ठेवू दिला नाही, वरच्या कप्प्यात ठेवायला लावला.