वाटेचा वेग आणि फडाचा वेग

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज १८३९ साली पदच्युत झाले आणि त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले. सुएझवरून जाणारे आगबोटीचे टपाल त्या काळी नवे होते; मुंबईचे पत्र दीड-दोन महिन्यांत लंडनला पोचे. वाट अशी आखूड झाली; पण रंगो बापूजींचे तेथील वास्तव्य मात्र सुमारे १४ वर्षांचे झाले. तेवढ्यात महाराज १८४७ साली काशीस वारले, १८४८ साली राज्य खालसा झाले. पत्र लवकर पोचले म्हणून फडावरचा कागद लवकर हलतो असे नाही, हे साताऱ्याइतके कोणास ठाऊक असणार?

श्रोतेहो, दळणवळणाच्या इतिहासात वाट आणि फड यांची ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. १८५५ साली आपल्याकडे तारखाते लोकांस खुले झाले. तारेतून विजेची लहर क्षणात जाई. पण खटका दाबणाऱ्या तारमास्तराचा हात मिनिटाला पंचवीस-तीस शब्दांच्या फारसा पुढे जात नसे. व्हीटस्टन यांनी १८५८ साली भोके पाडलेल्या कागदी फितीची युक्ती काढली, ती हाताची ही अडचण दूर करण्यासाठीच. (१९४२ च्या चळवळीत सातारा जिल्ह्यात तारा तोडल्या गेल्या, वाळवे, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगलीतले तालुके तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. तेथे सरकारची वाटच तुटली! पण तो विषय निराळा.)

काचतंतूचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाशाने दूरवर संदेश पाठवता येतील, असे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली मांडले. १९७० साली अमेरिकेत कॉर्निंगच्या शास्त्रज्ञांनी तसा तंतू करून दाखवला. आपल्याकडे १९७९ साली पुण्यात टेलिफोन केंद्रे जोडण्यासाठी तो प्रथम वापरात आला.

प्रकाश विजेपेक्षा फार जोरात धावतो म्हणून तंतू श्रेष्ठ, अशी समजूत सर्रास आढळते. ती खरी नव्हे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो आणि चांगल्या तांब्याच्या केबलमधली विजेची लहरही जवळजवळ त्याच चालीने जाते. सातारा ते सांगली सव्वाशे किलोमीटर धरले, तर दोन्ही वाटांनी सेकंदाचा हजारावा भागही लागणार नाही. अंतर आहे ते वाहून नेण्याच्या शक्तीत. तंतूतला प्रकाश सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी आंदोलने करतो. विजेची मंडले मात्र सेकंदाला काही हजार कोटी वेळा उघडझाप करून थकतात.

पूर्वी तर दर काही मैलांवर क्षीण झालेल्या प्रकाशाची वीज करावी लागे, ती दुरुस्त करून पुन्हा प्रकाश करावा लागे; म्हणजे हमरस्त्यावर जागोजाग नाके. १९८७ च्या सुमारास साउदॅम्प्टन येथे व अमेरिकेत अर्बियम मिसळलेला तंतू निघाला, त्यात प्रकाश प्रकाशरूपानेच वाढतो. मग एकाच तंतूतून अनेक रंग सोडणे परवडू लागले आणि प्रत्येक रंगास त्याचे वेगळे मंडल मिळाले. वाटेवरचे नाके असे पुष्कळ उठले.

शेवटचा फड मात्र उठला नाही. लंडनच्या फडाला काम करण्याची इच्छाच नव्हती. येथे अडते ते पदार्थाच्या स्वभावामुळे. संदेश कोणाचा हे वाचून तो योग्य वाटेस लावायचा, तर क्षणभर तो धरून ठेवावा लागतो. वीजभार साठवता येतो, एका प्रवाहाने दुसरा अडवता येतो. प्रकाशाचे दोन किरण मात्र एकमेकांतून बिनदिक्कत निघून जातात, आणि प्रकाश साठवून ठेवणे अतिशय कठीण. म्हणून पत्ता वाचण्याचे काम आजही बहुधा विजेकडेच आहे.