पाटीवरची नावे

अमेरिकेच्या जाझ संगीताच्या इतिहासात एका पाटीला मोठा मान आहे. १९४८ सालच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘रॉयल रूस्ट’ नावाच्या क्लबाबाहेर ती लागली होती. मेळाचा प्रमुख माइल्स डेव्हिस. पण वाद्यसंयोजन करणाऱ्या तिघांची नावेही त्या पाटीवर होती : जेरी मलिगन, गिल इव्हान्स आणि जॉन लुइस. हिंदी चित्रपटांच्या गाण्यांसाठी वाद्यवृंदाचे कागद लिहिणारे सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय कलावंत किती वर्षे पडद्यामागे राहिले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या पाटीचे मोल निराळे सांगायला नको. तिकडेही अशी नावे दारावर लावण्याची रीत नव्हती. ती लावण्याचा आग्रह माइल्सचा, आणि त्याचे वय तेव्हा अवघे २२!

त्या तिघांतला सर्वांत लहान म्हणजे मलिगन, २१ वर्षांचा. सॅक्सोफोनच्या कुळातले बॅरिटोन हे भले मोठे, खर्जाचे वाद्य तो वाजवी. पहिल्या ध्वनिमुद्रणाला ४३ वर्षे होत आली तेव्हा, १९९२ च्या जानेवारीत, त्याने त्याच सगळ्या रचना पुन्हा मुद्रित केल्या. ‘री-बर्थ ऑफ द कूल’ या नावाची ती तबकडी. मला लिहायचे आहे ते तिच्याविषयी. पण पुनर्जन्माची कथा सांगायची तर आधी जन्माची सांगितली पाहिजे.

गिल इव्हान्स राहत असे पश्चिम ५५ व्या रस्त्यावर, एका चिनी धोब्याच्या दुकानामागच्या तळघरात. खोलीतून वाफेचे नळ गेलेले, जागा अंधारी, आणि मित्रांना दार सदाचे उघडे. चार्ली पार्करसारखा त्या काळचा सर्वांत मोठा सॅक्सोफोनवादकही तिथे येऊन पडे. पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांच्या ‘बीबॉप’ने तेव्हा तरुणांना वेड लावले होते. अतिद्रुत लय, तानांचा वर्षाव, ऐकणाऱ्याला दम खाऊ न देणारे ते वादन. तळघरात जमणारी मंडळी त्याची भक्तच होती. माइल्स तर पार्करच्याच पथकात वाजवीत होता. तरी त्यांच्या मनात एक निराळे कोडे घोळत होते. क्लॉड थॉर्नहिल याच्या मोठ्या वाद्यवृंदात फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा असत, आणि त्यांचा स्वर कंप न देता, सरळ, ढगासारखा पसरत असे. इव्हान्स आणि मलिगन या दोघांनीही थॉर्नहिलसाठी लेखन केले होते. तो रंग कमीत कमी किती वाद्यांत आणता येईल, असे ते कोडे. उत्तर निघाले नऊ.

पियानो, बास आणि ड्रम ही तीन तालाला व आधाराला. उरलेली सहा फुंकीची. या सहांची निवड मला फार शहाणपणाची वाटते, कारण ती जोड्यांनी केलेली आहे. ट्रंपेटखाली ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्नखाली ट्यूबा, ऑल्टो सॅक्सोफोनखाली बॅरिटोन. प्रत्येक रंगाचा एक उंच आवाज आणि एक खोल. आरडाओरडा कोणीच करायचा नाही. एकाने बोलावे, दुसऱ्याने हुंकार द्यावा, आणि सहाही मिळून एकाच माणसासारखे सावकाश चालावे.

मलिगनने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे की कल्पना सगळ्यांची असली, तरी तालमी ठरवणे, जागा मिळवणे, माणसांना वेळेवर आणणे हे माइल्सने केले म्हणूनच हे घडले. क्लबात त्यांना दोन आठवडे मिळाले, तेही काउंट बेसीच्या नामांकित वृंदाच्या जोडीला. श्रोत्यांनी फारशी दाद दिली नाही. त्यातून १९४८ हे जवळजवळ पूर्ण वर्ष वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातलेला, त्यामुळे ते वादन उरले ते केवळ रेडिओच्या प्रक्षेपणांतून. बहिष्कार उठल्यावर ‘कॅपिटॉल’ कंपनीने तीन बैठकी मुद्रित केल्या : २१ जानेवारी १९४९, २२ एप्रिल १९४९ आणि ९ मार्च १९५०. एकूण १२ रचना. तीनही बैठकींना हजर असलेले वादक चौघेच : माइल्स, मलिगन, ऑल्टोवर ली कॉनिट्झ आणि ट्यूबावर बिल बार्बर. बाकीच्या खुर्च्यांवर माणसे बदलत गेली. तबकड्या खपल्या नाहीत आणि मेळ मोडला.

‘बर्थ ऑफ द कूल’ हे नाव तर १९५७ साली यांतल्या ११ रचना एका मोठ्या तबकडीत एकत्र केल्या तेव्हाचे. जन्म आधी आणि बारसे आठ वर्षांनी! वेष्टनावर छायाचित्र एकट्या माइल्सचे. या रचनांपैकी ‘जेरू’, ‘व्हीनस डी मायलो’, ‘रॉकर’ या मलिगनच्या स्वतःच्या, आणि इतर काहींचे संयोजनही त्याचेच. ‘जेरू’ हे तर माइल्सने त्याला दिलेले लाडके नाव. पण जगाने ही तबकडी माइल्सची म्हणून ओळखली.

म्हणून मनात शंका येते की म्हातारपणी मलिगन आपला वाटा मागायला निघाला होता की काय. मला तसे वाटत नाही. कारण १९९१ साली हा विचार मनात येताच त्याने प्रथम गाठले ते माइल्सलाच. माइल्स हा मागे वळून पाहण्याचा तिटकारा असलेला माणूस. परंतु त्याच जुलैत माँत्रोच्या महोत्सवात क्विन्सी जोन्सच्या संचालनाखाली त्याने गिल इव्हान्सचे जुने संयोजन पुन्हा वाजवले होते. इव्हान्स १९८८ मध्ये वारला होता. मलिगनच्या बेतालाही माइल्सने उत्साह दाखवला. आणि २८ सप्टेंबर १९९१ रोजी तो गेला.

बेत तरीही पार पडला. जुन्यांपैकी मलिगनसह तिघे जमले : पियानोवर जॉन लुइस, ट्यूबावर बार्बर. दोघेही ७१ वर्षांचे. माइल्सच्या जागी ३१ वर्षांचा वॉलेस रोनी बसला. माँत्रोला थकलेल्या माइल्सशेजारी उभे राहून ट्रंपेटचा भार वाहिला होता तो यानेच.

आपल्याकडे गुरूची बंदिश शिष्याने गायली तर तिला कोणी नक्कल म्हणत नाही. बंदिश तीच, उपज आपापली. जाझमध्येही लिहिलेला भाग आणि जागच्या जागी सुचलेला भाग असे दोन असतात. मात्र तिथे तबकडीने घोटाळा करून ठेवला आहे. १९४९ साली माइल्सला त्या तीन मिनिटांत जे सुचले, ते हजारो रसिकांना मुखोद्गत झाले. सुचलेलेही बंदिशीइतकेच पक्के होऊन बसले. मग रोनीने करावे काय? तेच वाजवावे तर पोपटपंची, निराळे वाजवावे तर लोकांच्या कानात जुनेच घुमत राहणार. मला तो या कात्रीतून अर्धाच सुटलेला वाटतो. त्याचा स्वर गुरूच्या इतका जवळचा आहे की अधूनमधून दचकायला होते.

ऑल्टोवाला फिल वुड्स मात्र उलट. तो पार्करच्या परंपरेतला, गरम रक्ताचा. कॉनिट्झचा स्वर पातळ, निथळ, थंड पाण्यासारखा. त्या जागी वुड्स आला की मेळाचे तापमानच चढते. ‘कूल’च्या पुनर्जन्मात ही ऊब कशाला, असे कोणी म्हणेल. मला ती आवडली. त्या मेळाने बीबॉपकडे पाठ फिरवली होती असे सरसकट लिहिले जाते, ते खरे नाही, हे तिच्यामुळे कानांनाच कळते.

लिहिलेला भाग मात्र नव्या मुद्रणात स्पष्ट उजळला आहे. ‘जेरू’मध्ये चारच्या ठेक्यात मध्येच तीन मात्रांची आवर्तने येतात आणि समेची वाट पाहणारा श्रोता फसतो. जुन्या तबकडीवर ही गंमत निसटते, इथे ती हातात येते. तीन मिनिटांचे बंधनही आता नव्हते. पण खरे सांगतो, त्या बंधनाने आलेला आवळपणा थोडा हरवला आहे. एकविशीतल्या मुलाने घाईत लिहिलेले पत्र साठी उलटलेल्या त्याच माणसाने सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहावे, तसे काही ठिकाणी वाटते.

मलिगन २० जानेवारी १९९६ रोजी गेला, जॉन लुइस २००१ मध्ये. रोनी ३१ मार्च २०२० रोजी आणि कॉनिट्झ १५ एप्रिल २०२० रोजी, दोघेही करोनाच्या साथीत, पंधरा दिवसांच्या अंतराने. एका खुर्चीचा जुना मालक आणि दुसरीचा नवा.

बिल बार्बर २००७ पर्यंत जगला. मधल्या वर्षांत तो शाळेत मुलांना संगीत शिकवीत असे. १९४९ च्या मुद्रणात त्याचा ट्यूबा ऐकू येण्यापेक्षा जाणवतोच अधिक. १९९२ मध्ये त्याची एकेक फुंक वेगळी कळते. गिल इव्हान्सने संयोजन केलेली ‘मून ड्रीम्स’ रात्री घरातले दिवे शांत झाल्यावर लावून पाहा. अखेरीला मूळ धून संपते आणि वाद्ये एकमेकांपासून सुटत हळूहळू खाली उतरू लागतात. तेव्हा कान अगदी तळाशी ठेवा.