मटणाची वाट

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा असलो की मला वाटतं, हा शब्द केवढा प्रवास करून इथवर आला! फ्रेंचमध्ये 'मुताँ' म्हणजे मेंढरू. रानात चरणारंही तेच आणि ताटातलंही तेच. इंग्रजीत तो 'मटन' झाला आणि ताटापुरता उरला. आपल्याकडे तर तो बहुधा बोकडालाच चिकटला.

ही वाट सुरू झाली १०६६ साली. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंडच्या हॅरॉल्ड राजाला हरवलं. दरबार आणि मोठमोठ्या जमिनी फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हाती गेल्या. शेतात मात्र इंग्रजीच राहिली. गुराख्याचे 'काऊ' आणि 'शीप' टिकले, 'बीफ' आणि 'मटन' वरून आले. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीने ही गोष्ट घरोघर नेली. पण ती इतकी सरळ नाही. ही वाटणी पक्की व्हायला काही शतकं लागली. मधल्या काळात जिवंत जनावरालाही 'बीफ' म्हणत.

खरी कळीची जागा न्यायालयाची. कोर्ट, जज, ज्यूरी हे शब्द फ्रेंचमधूनच इंग्रजीत आले. गरिबाच्या जमिनीचा, जिवाचा खटला त्याला न समजणाऱ्या भाषेत चाले. अखेर १३६२ साली कायदा झाला : लोकांना फ्रेंच कळत नाही, म्हणून खटल्यांत इंग्रजी बोलावी. गंमत अशी, की हा कायदाही लिहिला गेला फ्रेंचमध्येच!

इंग्रजी पुन्हा दरबारात आली, पण तिने पाहुणे शब्द हाकलले नाहीत. आई, पाणी, भाकरी यांचे शब्द तिने आपले ठेवले. 'मी', 'तू' आणि वाक्याचा सांगाडाही आपलाच ठेवला. आलेल्या शब्दांचे स्वभाव मात्र बदलले. फ्रेंच 'दमाँदे' म्हणजे साधं विचारणं. इंग्रजीत त्याचं 'डिमांड' झालं आणि आवाज चढला. फ्रेंच 'लिब्रेरी'त पुस्तकं विकत मिळतात, इंग्रजी 'लायब्ररी'त वाचायला मिळतात. जुन्या फ्रेंचमधल्या कातडी पिशवीचं नाव इंग्रजीत 'बजेट' झालं आणि पुढे फ्रेंचांनी ते नव्या अर्थासह परत घेतलं.

मी मराठीत कविता लिहितो. 'हा शब्द परका, तो काढा' असा सल्ला मला अधूनमधून मिळतो. मी विचारतो, मग कायदा, वकील, फिर्याद यांचं काय करायचं? तेही अरबी-फारसीतून आले आणि इथलेच झाले. बाहेरून आलेल्या शब्दाने कुणाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते, निकाल ऐकून कोर्टाबाहेर आलेल्या माणसाला 'मी जिंकलो की हरलो?' असं दुसऱ्याला विचारावं लागतं तेव्हा.