रोल संपवायचा म्हणून काढलेले फोटो

"मावशी, कॅमेरा कोणता घेऊ?" हा प्रश्न दर दिवाळीच्या आधी आमच्याकडे कोणी ना कोणी विचारतंच. यंदा विचारणाऱ्या भाच्याने तर चार मॉडेल्सची तुलना करणारा तक्ताच तयार ठेवला होता. मी त्याला म्हटलं, आधी घरातले जुने अल्बम घेऊन बस, मग बोलू. तो वैतागला, साहजिक आहे. पण मला टाळाटाळ करायची नव्हती. कॅमेरा निवडताना आपण नकळत आणखी बरंच काही निवडत असतो. कोणाचा फोटो निघणार, किती लांबून, कुठल्या उजेडात. आणि पुढे चाळीस वर्षांनी तो माणूस लोकांना कसा आठवणार, हेसुद्धा. हे काही तक्त्यात दिसत नाही.

मुंबईत हौशी छायाचित्रकारांची संस्था निघाली ती १८५४ साली. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे. आदल्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली होती, यावरून काळाचा अंदाज यावा. सभासदांत साहेब लोक होते, तसे डॉ. नारायण दाजीही होते, भाऊ दाजी लाडांचे बंधू. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. तिथेच शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले.

पण हौस म्हणजे तेव्हा काय प्रकरण होतं बघा. काचेवर कोलोडियनचं रसायन ओतायचं, ती काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधारखोलीत नेऊन धुवायची. बाहेरगावी जायचं तर अंधारखोली म्हणून तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या, आणि हे सगळं वाहायला माणसं. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' अंकाअंकाने निघत असे. त्यात इमारती आहेत, देखावे आहेत, आणि माणसं आहेत ती बहुतेक नमुना म्हणून उभी केलेली. अमुक जातीचा माणूस, तमुक धंद्याची बाई. पागोटं, लुगडं, अवजारं सगळं नीट दिसतं. माणसाचं नाव मात्र नसतं. ज्याच्याकडे कॅमेरा होता त्याला नाव लिहायची गरज वाटली नाही. असो.

हा सगळा पसारा एका डब्यात बसवला जॉर्ज ईस्टमनने. १८८८ चा पहिला कोडॅक २५ डॉलरचा, आत १०० फोटोंचा रोल. रोल संपला की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा, ते फोटो धुऊन नवा रोल घालून परत देत. मग १९०० साली ब्राउनी आला. पुठ्ठ्याचा डबा, किंमत १ डॉलर, रोलवर ६ फोटो. इथून पुढे फोटो काढायला रसायनशास्त्र यावं लागत नाही. मात्र एक गोष्ट गुपचूप बदलली. आधी माणूस कॅमेऱ्याला जुळवून घेत होताच, पण ते त्याला माहीत होतं. आता सगळं कारखान्यातच ठरून यायला लागलं आणि त्याचं ओझं फोटोत उभं राहणाऱ्यांवर पडलं.

आमच्या घरी हे युग आलं १९७६ साली, अण्णाकाकांच्या आग्फा क्लिक थ्रीच्या रूपात. बाहेरचे कॅमेरे जकातीमुळे आवाक्यापलीकडचे, आणि हा आपल्या बडोद्याला बनणारा. (बडोद्याचं आणि फोटोग्राफीचं नातं जुनंच. दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले तेही तिथल्या कलाभवनातच.) काळा, हलका, गळ्यात अडकवायचा. १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो.

आता तुमच्याकडचे त्या काळातले फोटो काढून बघा. माझी खात्री आहे की ते आमच्यासारखेच असतील. माणूस डोक्यापासून चपलेपर्यंत पूर्ण, बरोबर मधोमध, डोळे बारीक केलेले, कपाळावर आठी. मला लहानपणी वाटायचं की तेव्हाचे लोकच असे ताठ असावेत. पण याचं उत्तर कॅमेऱ्यात आहे. अशा साध्या कॅमेऱ्याला फोकस करायची सोय नसते, दहाएक फुटांच्या पुढचं ते बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. हिशोब केलात तर दहा फुटांवर त्या चौकटीत उभं साडेसात फुटांच्या आसपास मावतं. म्हणजे उभा माणूस, वर थोडं आभाळ, खाली थोडी जमीन. झाला आपला फोटो! जवळ जावं तर चेहरा धूसर. बघायची खिडकी आणि भिंग वेगवेगळ्या जागी, त्यामुळे खिडकीत दिसतं नेमकं तेच फिल्मवर येईल याची खात्री नाही. डोकं कापलं जाऊ नये म्हणून माणसाला मधोमध धरून चारी बाजूंना मोकळी जागा सोडायची. रचनेचे नियम शिकवणारे तिसऱ्या भागाचा नियम सांगतात. त्याला ते नाव मिळालं जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराच्या पुस्तकात, १७९७ साली, म्हणजे फोटोग्राफीच्या जन्माच्याही आधी. पण बारा फोटोंत अख्खं लग्न बसवणाऱ्या आमच्या काकांना तो नियम कोणी सांगितला असता तरी त्यांनी मानला नसता, आणि बरोबरच केलं असतं.

सगळ्यात मोठा नियम उन्हाचा. भिंगाचं छिद्र बारीक, शटर सेकंदाच्या तिसाव्या-पन्नासाव्या भागाचं, फिल्म आजच्या मानाने मंद. तेव्हा सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे हवा. म्हणजेच फोटो काढून घेणाऱ्याच्या डोळ्यांत!

आमच्या आजीचा हॉलमधला फोटो सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. अंगणात, तुळशीशेजारी, सकाळचं ऊन थेट तोंडावर. ती १९८१ मध्ये गेली. त्यानंतर जन्मलेली भावंडं तिला 'रागीट आजी' म्हणतात. कारण त्यांनी तिला फक्त त्या फोटोत पाहिलंय. आजी रागीट नव्हती हो. तिला मोतीबिंदू होता आणि उजेड सोसत नव्हता. काकांनी तिला उन्हात उभं केलं ते प्रेमानेच, माहितीपत्रकात तसं लिहिलं होतं म्हणून. पण एका स्वस्त कॅमेऱ्याच्या मंद शटरने आमच्या घरातल्या अर्ध्या लोकांसाठी एका बाईचा स्वभाव ठरवून टाकला, हे मला बोचतं.

तर भाच्याला मी अल्बम बघ म्हटलं ते यासाठी. आणि अल्बम बघताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती मला फार आवडली. रोल धुवायला द्यायचा तर बाराही फोटो संपलेले हवेत. मुंज झाली, पाहुणे गेले, आणि दोन फोटो उरलेत. मग काका "रोल संपवायचा आहे" असं म्हणत घरभर फिरायचे. त्या उरलेल्या फोटोंत काय काय आहे! भिंतीला टेकवलेली सायकल. ओट्यावर झोपलेलं मांजर. विहिरीवरून कळशी घेऊन येणारी आई, तोंड अर्धवट वळलेलं, कोणाशी तरी बोलतेय. तिला कोणी नीट उभं राहायला सांगितलं नाही, पदर सारखा करायला सांगितलं नाही. अल्बममधले खऱ्या अर्थाने रचना असलेले फोटो हेच. बाकीचे हजेरीपटासारखे. फोटो फुकटच जाणार म्हटल्यावर काकांचा हात मोकळा झाला असावा.

पुढचं थोडक्यात. ऐंशीच्या दशकात आखातातल्या मामांनी फ्लॅशवाला यशिका आणला, छत्तीस फोटोंचा रंगीत रोल आला, आणि अल्बम अंगणातून घरात शिरला. आता डोळे बारीक नाहीत, लाल आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे भिंतीवर काळी सावली. मग डिजिटल आलं. कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसनने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला होता, एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घेणारा. त्याच कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आज मोबाइलला सावलीतलंही दिसतं, पण त्याच्याही खोडी आहेतच. त्याचं भिंग रुंद, म्हणून कडेला उभा राहिलेला काका जरा जाडच निघतो, आणि हातभर अंतरावरून सगळ्यांची नाकं मोठी. भाच्याला मी शेवटी सांगितलं, तक्त्यातला सगळ्यात स्वस्त घे, फक्त माणसांना उन्हाकडे तोंड करून उभं करू नकोस. खिडकीपाशी बसव, उजेड बाजूने येऊ दे, दोन पावलं पुढे जा. बटण दाबण्याआधी चौकटीचे चारही कोपरे बघ. त्याने दुसऱ्या नंबरचा घेतला. :)

आता मुख्य काम. नातेवाईक मंडळींनी इथून पुढे नीट वाचावं.

आजीचा आणखी एक फोटो आहे. १९७९ चा, रोल संपवतानाच काढलेला. पडवीत, सावलीत, सुपात तांदूळ निवडताना. हात हलल्यामुळे पुसट आलेत, सगळं करडं आहे, आणि प्रिंट माझ्या तळहाताहून लहान. वाया गेला म्हणून तो अल्बमात चिकटवलाच नाही कोणी, मागच्या पाकिटात राहिला. त्यात आजी हसतेय असं मला वाटतं. 'वाटतं' म्हणते, कारण प्रिंटवरून नक्की सांगता येत नाही. पण प्रिंटमध्ये न उतरलेलं बरंचसं निगेटिव्हमध्ये शिल्लक असतं, आणि आता चांगल्या स्कॅनरवर ते बाहेर काढता येतं.

अण्णाकाकांच्या सगळ्या निगेटिव्ह बटरपेपरमध्ये गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायच्या. वाडा विकला तेव्हा तो डबा कोणीतरी नेलाय. पुण्याला आहे की नागपूरला? माळ्यावर बघा, शिवणाच्या डब्यांत बघा. सापडला तर उघडून पुसत बसू नका, टपालाने पाठवू नका. नुसता फोन करा. मी येऊन घेऊन जाईन.